स्पेअरची खुर्ची

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. पाहुणे पांगले. पाटसचा माझा भाऊ काल शेवटचा गेला. जाताना म्हणाला, "आक्का, रडून घे, मन मोकळं हुतंय." मी म्हटलं, रडायचं तेवढं झालं, भांडायचं राहिलंय. ज्याच्याशी भांडायचं तोच उठून गेला, तर भावानं तरी काय बोलावं.

म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेली बाई काय लिहिणार, असं कुणी म्हणेल. तुम्ही म्हणणार नाही. तुमचे रजेचे सगळे अर्ज मीच लिहीत होते, कारण तुमचं अक्षर एसटीच्या डेपो मॅनेजरला लागत नव्हतं.

आपल्या पोरानं, दत्तानं, पेपरात तुमचा फोटो द्यायचं काढलं होतं. खाली छापील मजकूर, मनमिळाऊ, शांत स्वभावाचे. मी म्हटलं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. तुम्ही शांत नव्हता. गाडी सुटायच्या वेळेला कुणी शेंगदाण्याची पुडी घ्यायला उतरला, तर तुम्ही त्याला तिथंच सोडून निघायचा. एकदा त्यात माझा मामा होता. आणि मनमिळाऊ म्हणावं तर आपल्या नातीच्या, ऋतुजाच्या बाबतीत तुम्ही चार वर्षं कुणाचं ऐकलं नाहीत. तिच्या बापाचं नाही, गावाचं नाही, माझं तर नाहीच. त्याच चार वर्षांचं लिहायचं आहे.

आपली नात पायलट झाली तेव्हा गावात, निमोण्याच्या चौकात बोर्ड लागला होता. बोर्डावर तिचा फोटो, पांढरा शर्ट, काळा टाय, खांद्यावर पट्ट्या. सरपंचांनी नारळ दिला, भाषण केलं. त्या दिवशी मीही मिरवले, खोटं कशाला सांगू. लायसन म्हणजे नोकरी असंच सगळ्यांना वाटलं. तुम्हाला लायसन मिळालं तेव्हा ट्रकवाले दारात आले होते की.

पण विमानाचं तसं नसतं, हे आपल्याला उशिरा कळलं. ऋतुजानं मला चुलीपुढं बसून समजावलं होतं. लायसन दोनशे तास उडवल्यावर मिळतं. तिचे दोनशे बारा झाले होते. कंपनी विचारते, तास किती? दोनशे बारा म्हटलं की म्हणतात, अजून उडवा मग या. आता विमान काय दावणीला बांधलेलं असतं, सोडलं आणि उडवलं? तास नाहीत म्हणून काम नाही, काम नाही म्हणून तास नाहीत. मी म्हटलं, म्हणजे पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही. ती हसली. तेव्हा ती अजून हसत होती.

पुढची दोन वर्षं ती कॉम्प्युटरपुढं बसून अर्ज भरत राहिली. बहुतेकांचं उत्तरच यायचं नाही. चौकातला बोर्ड उन्हानं पांढरा पडला, तिच्या तोंडाचा रंग आधी उडाला. पारावरची टवाळ माणसं विचारायची, "काय ऋतुजा, इमान पार्किंगला लावलंय का?" ती दळण घेऊन जायची ती मान खाली घालून. मग तिनं दळणाला जाणंच सोडलं. मी तिला शिरूरच्या एका बँकेत चिकटवायच्या मागं लागले. ओळखीच्या माणसानं शब्द दिला होता. एक स्थळही आलं होतं, चांगलं, बागायतदार. तुम्ही दोन्ही वेळेला ताटावरून उठलात.

मग एके सकाळी तुम्ही तिला ओट्यावर बोलावलं. मी ज्वारी पाखडत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"तू कामासाठी जातीस कुठं?"

"कुठं न्हाई आबा. ऑनलाइन भरते."

"मंग त्यास्नी कसं कळणार तू हाईस म्हणून?"

आणि तुम्ही स्पेअरची गोष्ट सुरू केलीत. मी सूप खाली ठेवलं, कारण ती गोष्ट मला पाठ होती आणि तिच्यात मी वाईट आहे.

ऋतुजाला नवी होती म्हणून तुम्ही नीट सांगितलीत. एसटीत नव्या डायवरला लगेच गाडी मिळत नाही. त्यानं रोज डेपोत जायचं, पहिली गाडी सुटायच्या आत. पूर्ण गणवेशात. बिल्ला लावायचा, रजिस्टरला सही करायची आणि कंट्रोलरच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसायचं. त्याला म्हणायचं स्पेअर. कुणी डायवर आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झालं, की कंट्रोलर खिडकीतून बाहेर बघणार. जो दिसेल त्याला गाडी. जो घरी बसून वाट बघतो त्याला कंट्रोलर शोधत येत नाही.

तुम्ही शिरूरच्या डेपोत अकरा महिने त्या बाकावर बसलात. आपलं लग्न नवं होतं. मी रोज पहाटे उठून भाकरी बांधून द्यायची आणि संध्याकाळी तुम्ही तोच डबा आणि तोच इस्त्रीचा शर्ट घेऊन परत. शेजारणी विचारायच्या, आज किती लांब गेली गाडी? माझ्या वडिलांनी पाटसच्या साखर कारखान्यात तुमच्यासाठी ट्रॅक्टर बघून ठेवला होता. हंगामभर पक्कं काम. मी रोज तेच म्हणायचे, बाक सोडा, कारखान्यात जा. तुम्ही गेला नाहीत. बाराव्या महिन्यात दौंड गाडीच्या डायवरला कावीळ झाली आणि कंट्रोलरला खिडकीतून तुम्ही दिसलात. त्या दिवशी शिरूर-दौंड गाडी तुमच्या हातात आली ती बावीस वर्षं हातातच राहिली.

आणि बावीस वर्षंच काय, पुढंही प्रत्येक भांडणात तुम्ही मला ऐकवलंत, "तुझं ऐकलं असतं तर कारखान्यावर ऊस ओढला असता." भाजीत मीठ कमी पडलं तरी बाक निघायचा.

तर ती गोष्ट पोरीला सांगून तुम्ही म्हणालात, "उद्या माझ्यासंगं चल. ड्रेस घालून."

तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं की बारामतीच्या बाजूला धावपट्टी आहे आणि तिथं एक छोटी कंपनी विमानातून जमिनीची मापं घेते. कालवे, धरणं, विजेच्या तारा, सगळ्याचे वरून फोटो काढायचे आणि नकाशे करायचे. ऋतुजा म्हणत होती, आबा, तिथं जागा नाही, मी दोनदा अर्ज केलाय. तुम्ही म्हणालात, "जागा असती तर स्पेअर कशाला लागला असता?"

आणि गणवेशावरून तुमचं वाजलं. ती म्हणाली, काम मागायला कुणी पायलटचा ड्रेस घालून जात नाही, लोक हसतील. तुम्ही म्हणालात, गणवेश नसला तर सही होत नाही, हजेरी धरत नाहीत. बिचारी पोर पांढरा शर्ट, टाय, खांद्याच्या पट्ट्या लावून तुमच्याबरोबर निमोण्याच्या फाट्यावर उभी राहिली. तुम्हीही तुमचा जुना खाकी शर्ट काढलात, बटणं लागत नव्हती तरी. मी म्हटलं, वरात कुठं निघाली? तुम्ही आलेली गाडी धरलीत. दौंडला गाडी बदलून पुढं गेलात.

पुढचं मला ऋतुजानं सांगितलं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. गेटवरच्या गार्डानं तिच्या खांद्यावरच्या पट्ट्या पाहिल्या आणि सलाम ठोकून फाटक उघडलं. त्याला वाटलं नव्या कॅप्टन मॅडम आल्या, मागं त्यांचा डायवर. तुम्ही दोघं चालत थेट विमानापर्यंत गेलात. साध्या कपड्यात गेला असतात तर गेटवरूनच परत आला असतात, हे मला आता कळतं. तेव्हा मी पोट धरून हसले होते.

आत त्यांचे मोठे साहेब होते, घोष म्हणून, पिकल्या मिशांचे. ते आधी गार्डावर भडकले. मग तुमच्याकडं वळले. तुम्ही हात जोडून सांगितलंत, पोरगी लायसनवाली आहे, तिला स्पेअरला घ्या. साहेबांना मराठी कळत होतं, पण बोलले हिंदीत.

"बाबा, ये बस डेपो नहीं है."

"वो मालूम है साहेब. लेकिन डायवर तो इधर भी बीमार पडता होगा ना?"

ऋतुजा म्हणते, तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मागं दोन-तीन मेकॅनिक होते, ते हसायला लागले. साहेब हसले नाहीत. त्यांनी तुमच्या खाकी शर्टाकडं बघितलं, विचारलं, गाडी किती वर्षं चालवली, किती वेळा ठोकली. तुम्ही म्हणालात, एकदा, ती पण म्हैस होती. मग साहेब म्हणाले, उडवायचं काम नाही आणि देईन असंही सांगत नाही. पण ऑफिसात कागदाला माणूस पाहिजे. बसायचं असेल तर बसू दे.

तुम्ही घरी येऊन मला एवढंच म्हणालात, "सही झाली."

चौदा महिने ती तिथं बसली. दौंडला एका बाईकडं खोली घेतली होती, रोज जाऊन-येऊन. सकाळी हवामानाचे कागद काढायचे, विमान कुठून कुठं जाणार ते लिहून परवानगी मागायची, दुपारी त्यांचे नकाशे नीट लावायचे. शेड झाडायला माणूस आला नाही तर झाडूनही घ्यायची. बाहेर एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती तिची. आणि रोज गणवेशात, कारण रोज सकाळी तुमचा फोन. तोच फोन, तेच शब्द. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे.

"गाडी मिळाली?"

"न्हाई आबा."

"सही केली?"

"केली."

"बास." आणि ठेवून द्यायचात.

आपली सगळ्यात मोठी भांडणं त्या चौदा महिन्यांतली. मी म्हणायचे, विमान शिकवलं आणि हातात झाडू दिला. तुम्ही म्हणायचा, मीपण डेपोत गाड्या धुतल्या. मी म्हणायचे, तुम्ही गडी, तुम्हाला बाकावर बसलेलं चालतं, पोरीचं वय सरतंय. तुम्ही म्हणायचा, वय सरू दे, बिल्ला सरू देऊ नको. हे मात्र तुम्ही खरं केलंत. तिची डॉक्टरी तपासणी, मधूनमधून उडवून दाखवायच्या परीक्षा, सगळे कागद तुम्ही तारखेच्या आधी करून घेतलेत. तुम्हाला ते कागद वाचता येत नव्हते, इंग्रजीतले. तुम्ही फक्त विचारायचा, हा कवा संपतोय? आणि कॅलेंडरवर गोल करायचा.

एकदा रागात मी बोलले, "तुमच्या हट्टापायी पोरगी शिपाई झाली." तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. ते मी परत घेतलं नाही. आज तरी घ्यावं म्हणते.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगते.

तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला दत्ताबरोबर पुण्याला गेला होता ना, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजा बॅग घेऊन घरी आली. सगळं सामान घेऊन. रडत नव्हती, ते जास्त वाईट. म्हणाली, आज्जी, बँकेतल्या त्या माणसाला फोन कर, मी सोमवारपासून जाते. आबांना तू सांग, माझ्यानं होणार नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, काहीच झालं नाही, तेच झालंय. चौदा महिने काहीच झालं नाही.

मी दोन वर्षं ज्याची वाट पाहत होते ते दारात उभं होतं. बँक, स्थळ, सगळं. मी फोनही हातात घेतला होता. तुम्हाला वाटत असेल मी लगेच लावला. नाही लावला.

मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "तू परत आलीस की मी जितते. तुझा आबा हरतो. पन्नास वरसं त्या माणसाला एकदा हरवायचं म्हणून मी जीव काढला. आन् आता आलीस तर बघ, मला काय बरं वाटंना."

ती म्हणाली, "म्हंजी?"

"म्हंजी मला जितून काय करायचंय? तू घरी बसलीस की म्हातारा बसंल. उठ, हातपाय धू. चारची गाडी हाय."

ती चिडली. म्हणाली, तूच तर रोज म्हणायचीस, सोड. मी म्हटलं, मी कारखान्याचंही म्हटलं होतं. माझं ऐकून या घरात कुणाचं भलं झालंय?

त्यावर ती हसली. पिठलं-भाकरी खाल्ली, मी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गणवेश बॅगेत चुरगळला होता, तो मी इस्त्री केला. गळ्याशी मळ होता तो हातानं घासला. इस्त्री फिरवताना मला तुमचा शर्ट आठवला, एवढं लिहून पुरे. चारच्या गाडीनं ती गेली. तुम्ही पुण्याहून आलात तेव्हा मी सांगितलं, ऋतुजा डोळ्याची चौकशी करायला आली होती, गेली परत. तुम्ही डोळ्याला हिरवी पट्टी बांधून खूश झालात.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या एका पायलटला डेंग्यू झाला. दोन पायलट असल्याशिवाय त्यांचं विमान उडत नाही. काम सरकारी, तारीख ठरलेली. साहेबांनी पुण्याच्या एकाला फोन लावला, त्याचा एक कागद संपलेला. दुसऱ्याला लावला, तो म्हणाला परवा येतो. मग साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ऋतुजा बसली होती, इस्त्रीच्या शर्टात. विमानही तिनं शिकलेल्याच जातीचं. त्यांनी तिला बरोबर घेऊन एक फेरी मारली, काय विचारायचं ते विचारलं, उतरवायला लावलं. आणि उजव्या सीटवर, दुसऱ्या पायलटच्या जागी बसवलं.

दुपारी फोन तिचाच आला. रोज सकाळी तुम्ही लावायचा, त्या दिवशी दुपारी तिनं लावला. तुम्ही सवयीनं विचारलंत, गाडी मिळाली? ती मिळाली म्हणाली असणार. "सही केली" पण विचारलं नाहीत. फोन कानालाच धरून बसलात. मी हातातून घेतला तर तिकडून ती नुसतीच "आबा, आबा" करत होती.

मला वाटलं आता बाक निघणार, कारखाना निघणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "च्या ठेव. दोन चमचे साखर घालून."

तुम्हाला साखरेचा आजार. सहा वर्षं तुम्ही फिका चहा पीत होता. मी फिकाच दिला आणि म्हटलं, एक दिवस बसवलं म्हणून काय, उद्या परत खुर्चीवर बसेल. तुम्ही तो चहा प्यायलात. म्हणालात, "एकदा गाडी हातात आली की डेपो नाव इसरत न्हाई."

डेपो विसरला नाही. डेंग्यूवाला बरा होऊन आला तरी तिला ठेवलं, कारण कागदाचं काम, हवामान, विमान, सगळं तिला येत होतं. असं माणूस त्यांच्याकडं दुसरं नव्हतं. चार महिन्यांत पक्कं पत्र आलं. तुम्ही ते पत्र घेऊन पारावर गेलात आणि विमान पार्किंगला लावलंय का विचारणाऱ्यांना एकेकाला मोठ्यानं वाचायला लावलंत. इंग्रजी होतं, कुणाला वाचता येईना, पण पकडून सगळ्यांनी पाहिलं.

आणि मग घोड कालव्याचं माप आलं. आपल्याच शिवारावरून. ते विमान कुळवासारखं चालतं, एक तास, म्हणजे कुळवाची ओळ, धरून सरळ जायचं, वळायचं, शेजारच्या तासाला लागायचं. सकाळी नऊपासून निमोण्यावर फेऱ्या सुरू झाल्या. सगळा गाव खळ्यावर. शाळेची पोरं बाहेर. तुम्ही खाकी शर्ट घालून मधे उभे आणि वर बघून सांगताय, "उजव्या बाजूला बसलेली आपली." इतक्या उंचावरचं तुम्हाला काय दिसत होतं देव जाणे, तेही ऑपरेशनच्या डोळ्यानं.

मी आले नाही म्हणून तुम्ही आठ दिवस कुरकुरलात. मी म्हटलं, मला भाकरी होत्या. भाकरी नव्हत्या. मी न्हाणीमागं उभी होते, शेवग्याखाली. सहा फेऱ्या पाहिल्या. मान दुखली. खळ्यावर आले असते तर तुम्ही माझ्याकडं बघितलं असतं, आणि तुम्ही कसं बघितलं असतं ते मला माहीत होतं.

आता शेवटचं. तेही तुम्हाला कळायला हवं.

तुमची आई गेली तेव्हा तुम्ही दौंडला होता. दौंडच्या कंट्रोलरला फोन आला होता, त्याला माहीत होतं. त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. चहा पाजला आणि गाडी घेऊन परत पाठवलं. शिरूरला गाडी डेपोत लागली, माणसं उतरली, मग सांगितलं. एसटीचा रिवाज, गाडीवर असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. मी त्या कंट्रोलरला तीस वर्षं शिव्या दिल्या. आई दारात पडलेली आणि पोरगा तिकिटाची माणसं वाहतोय. तुम्ही प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, "माझ्या मागं पन्नास माणसं हुती." मी म्हणायचे, तुमचं काळीज डिझेलवर चालतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी सातला तुम्ही ऋतुजाला विचारलंत, गाडी मिळाली? ती मिळाली म्हणाली. सही केली? केली. बास. नऊ वाजता ओट्यावर बूट घालता घालता तुम्ही कलंडलात. एक बूट पायात, एक हातात. शेजारचे डॉक्टर धावत आले, त्यांनी मान हलवली. दत्तानं फोन काढला, म्हणाला, ऋतूला कळवतो.

मी म्हटलं, "ठेव तो फोन."

"आये, तिला—"

"इमान खाली येऊ दे."

मीच त्यांच्या ऑफिसला लावायला सांगितला. घोष साहेब आले फोनवर. मी त्यांना सांगितलं, तिचा आबा गेला, पण ती उतरेपर्यंत तिला बोलायचं नाही. ते म्हणाले, "जी, माताजी." एक वाजता ती उतरली, मग त्यांनी सांगितलं आणि आपली गाडी देऊन पाठवलं. इकडं भावकी म्हणायला लागली, ऊन वाढलंय, किती वेळ ठेवायचं. मी म्हटलं, त्यांची आई थांबली होती, ते पण थांबतील.

साडेचारला ती आली. गणवेशात. तुमच्याजवळ बसली, मग माझ्याकडं वळली.

"आज्जी, कवा गेले?"

"नऊला."

"आन् मला एकला सांगितलं?"

"व्हय."

मी तयारी केली होती. तिनं मला काहीही बोललं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं, मी स्वतः तीस वर्षं तेच बोलले होते. तिनं तुमच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "बरं केलंस. इमानात आम्ही तिघं हुतो."

अहो, ते ऐकायला तुम्ही हवे होता.

दहाव्याला घोडनदीच्या काठावर ती गणवेशातच उभी होती, कारण तिथूनच तिला कामावर जायचं होतं. बाया कुजबुजल्या. मी ऐकू येईल अशा आवाजात म्हटलं, स्पेअरचा माणूस गणवेशाशिवाय येत नसतो. कुणाला कळलं नाही. कावळ्यासाठी मंडळी लांब सरकून बसतायत तोवर कावळ्यानं उचललंदेखील. भटजीही चकित. तुमची काही इच्छा राहिली नाही असं सगळे म्हणाले. मला वाटतं कावळा भुकेला होता. पण माणसं बसायच्या आत गाडी सोडायची खोड तुमचीच.

आता सकाळचा फोन मला येतो. मी तेच विचारते. काल म्हणाली, "आज्जी, आता रोजच मिळती, इचारायचं काय?" मी म्हटलं, इचारणार. मग तिनं सांगितलं, तिची खुर्ची आता रिकामी नाही. दौंडची एक मुलगी येऊन बसली आहे, दोनशे तासांची. रेल्वेतल्या गार्डाची पोरगी. पहिल्याच दिवशी पूर्ण गणवेशात आली. गेटवरच्या माणसानं परत सलाम ठोकून आत सोडली, आणि साहेब परत त्याच्यावर भडकले.

मी विचारलं, "तिला ड्रेस घालून यायला कुणी सांगितलं?"

"मी."

"सही केली तिनं?"

"केली की. आपणच एक रजिस्टर ठेवलंय."

मी बास म्हणून फोन ठेवला.

तर लिहिते. बाकाचं तुमचं बरोबर होतं. पोरीचं तुमचं बरोबर होतं. कंट्रोलरचंही. कारखान्याचं तर होतंच. एवढी वर्षं तोंडातून निघालं नाही आणि आता वहीत निघालं, तुमच्या हाती पडणार नाही हे माहीत आहे म्हणून असेल.

चहा तुमच्या फोटोपुढं ठेवला आहे. दोन चमचे साखर घातली आहे. प्या.